‘असॅसिन्स क्रीड’ सिनेमा पुन्हा बघायचा असेल तर

याच नावाच्या व्हिडिओ गेमवरून केलेला २०१६ सालचा हा सिनेमा मी तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा थिएटरमध्ये, धाकट्या भावासोबत. आम्ही दोघांनी सुट्टीत एकाच कंट्रोलरवर, एक मिशन तुझं एक माझं असं करत, खेळाचा दुसरा भाग संपवला होता. बाहेर पडताना तो एवढंच म्हणाला, “ताई, यात आपण कुठेच नव्हतो.” ते मला फार लागलं. साडेबारा कोटी डॉलर खर्च झाले होते. दिग्दर्शक जस्टिन कुर्झेल, मायकल फासबेंडर आणि मारियाँ कोतियार या तिघांनी वर्षभरापूर्वीच ‘मॅकबेथ’ केला होता. एवढ्या तयारीच्या माणसांचं नेमकं काय हुकलं, हे शोधायची माझी पद्धत सांगते.

आधी खेळ. २००९ चा ‘असॅसिन्स क्रीड २’ घ्या आणि पहिले काही तास खेळाच, ही पायरी गाळू नका. खेळाचा नायक इझिओ जन्मतो तेव्हा त्या बाळाचे हातपाय तुम्हीच बटणं दाबून हलवता. पुढे फ्लॉरेन्समध्ये थोरल्या भावाबरोबर चर्चच्या छपरापर्यंत चढायची शर्यत लागते. आजारी धाकट्यासाठी पिसं गोळा करायची, आईसोबत लिओनार्दो दा विंचीकडून पेट्या उचलून आणायच्या. महत्त्वाचं असं काहीच घडत नाही, पण घर तुमचं होतं. आणि मग वडील आणि दोन्ही भाऊ फासावर जातात. आम्ही त्या रात्री पुढे खेळलो नाही.

आता सिनेमा लावा. सुरुवातीच्या स्पेनमधल्या छोट्या प्रसंगानंतर १९८६ मधलं बाहा कॅलिफोर्निया येतं. सिनेमाचा नायक, लहानगा कॅलम, सायकल घेऊन घरी येतो, तर आई मेलेली, वडिलांनीच मारलेली. इथे थांबवा. ही आई इथवर तुम्हाला कितीदा भेटली? खेळाने ज्या दुःखासाठी आपल्याकडून तासन् तास घरकामं करून घेतली, ते इथे काही मिनिटांत उरकलंय. माझ्या मते सिनेमा पहिल्यांदा हुकतो तो इथेच.

मोठा झालेला कॅलम प्रयोगशाळेतल्या अ‍ॅनिमस या यंत्राला जोडला जातो आणि अगिलार या आपल्या पूर्वजाच्या आठवणी जगतो. तेव्हा पुढे एक कागद घ्या, दोन रकाने आखा: ‘तिकडे’ म्हणजे पंधराव्या शतकातला स्पेन, ‘इकडे’ म्हणजे आजची प्रयोगशाळा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून प्रत्येक तुकडा मांडा. अंदाज पुरे, सेकंद मोजत बसू नका. माझ्या कागदावर ‘इकडे’चा रकाना कितीतरी लांब झाला. ‘तिकडे’ अगिलार छपरावरून झेप घेतो तेव्हाही मध्येच यांत्रिक हाताला लटकलेला कॅलम दिसतो. अशा प्रत्येक व्यत्ययाला फुली मारा. पहिल्या खेळांत अ‍ॅनिमस म्हणजे नुसती पडून राहायची जागा होती. एकदा आत गेलं की तासभर तिची आठवणसुद्धा यायची नाही. मोठ्या पडद्यावर यंत्र भव्य दिसावं, असं निर्मात्यांना वाटलं असणार. पण त्यामुळे आपण स्पेनमध्ये कधी राहिलोच नाही.

दुसऱ्या बैठकीत फक्त स्पेनचे तुकडे सलग बघा. डब केलेली आवृत्ती नको; मूळ सिनेमात त्या काळातली माणसं स्पॅनिश बोलतात आणि ते कानाला खरं वाटतं. छपरांवरच्या पाठलागासाठी माल्टातलं व्हॅलेटा वापरलंय, तिथले दगड, धूळ, ऊन नीट बघा. आणि ती उंचावरची उडी! डेमियन वॉल्टर्स या स्टंटमनने ती दोरीशिवाय, सुमारे १२५ फुटांवरून, खाली हवेच्या गादीवर मारली. तो तुकडा मी परत परत मागे नेऊन बघते. ज्यांनी जीव ओतून काम केलं त्यांचं श्रेय पटकथेच्या चुकीपायी बुडू नये, असं मला मनापासून वाटतं.

शेजारी खेळ न खेळलेलं कुणी असेल तर फारच चांगलं. साधारण मध्यावर त्यांना विचारा, हे सगळे ज्या सफरचंदामागे लागलेत त्याने नक्की काय होतं? माझ्या आईला सांगता आलं नाही, आणि चूक तिची नव्हती.

शेवटी परत खेळ लावा. एखादा उंच मनोरा स्वतः चढा. हाताला धरायला वीट सापडत नाही, दोनदा घसरायला होतं, मग माथा येतो आणि सगळं शहर उलगडतं. तिथून खालच्या गवताच्या गाडीत उडी मारा आणि लगेच सिनेमातली उडी लावा. कंट्रोलर मात्र हातातच राहू द्या. भावाला मी हेच करायला लावलं. तो म्हणाला, “चढायचं राहूनच गेलं गं त्यांचं.”