दसऱ्याआधी गाडीचं रबर: आदल्या संध्याकाळची तयारी

दसऱ्याला गाडी धुतली जातेच, पण काचेखालची रबरी पट्टी आणि दारांची बीडिंग, म्हणजे चौकटीला टेकणारी रबरी किनार, राखाडीच राहते. झेंडूचा हार चढला की तीच आधी नजरेत भरते. म्हणून आदल्या संध्याकाळी उजेड असतानाच गाडीभोवती एक सावकाश फेरी मारा. मळ कोणता आहे ते ओळखा, सामान त्यावरूनच ठरतं.

कोपऱ्यांत कोरडी पांढरी रेघ दिसली तर ते जुनं पॉलिश. थेंबांच्या आकाराचे पांढरे डाग दिसले तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार. सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला पावसाळ्यानंतर खाचांत हिरवट थर धरतो. खालच्या पट्टीवरचे कडक काळे ठिपके डांबराचे. सिंहस्थाच्या तयारीत आमच्या नाशिकमधले रस्ते खोदलेले आहेत, त्यामुळे धूळ आणि धुराचा चिकट थर तर प्रत्येक गाडीवर आहेच. कोरडं बोट घासल्यावर काळं झालं तर मात्र रबराचाच पृष्ठभाग झिजतोय. ते घासून सुधारत नाही, पट्टी बदलायच्या यादीत टाका.

आता सामान. बादल्या दोन, एक शाम्पूच्या पाण्याची आणि एक कापड खळबळायची. पाणी नळाचं भरून ठेवा. गंगापूर धरणाचं पाणी चालतं, बोअरचं जड पाणी वाळलं की पुन्हा पांढरं उमटतं. गाडीचा शाम्पू घ्या. कपड्यांची पावडर नको, ती खाचांत अडकून राहते. हट्टी थरासाठी ऑल पर्पज क्लीनर, एका भागाला दहा भाग पाणी, स्प्रेच्या बाटलीत आधीच कालवून ठेवा. मऊ दातांचे दोन जुने टूथब्रश, चार-पाच मायक्रोफायबर कापडं आणि टोकाला कापड गुंडाळलेली बांबूची काडी हवी. काचेला टेकणाऱ्या पट्टीच्या आत मखमलीसारखी कड असते. तिच्यात रेतीचे कण बसले की काच वर-खाली करताना ओरखडे पडतात, म्हणून काडी विसरू नका. दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोकंही तिनेच मोकळी करता येतात.

पॉलिशच्या रेघांना शाळेचा मऊ खोडरबर लागतो, दप्तरातून मागून घ्या. क्षारांसाठी पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून ठेवा आणि लावल्यावर लगेच धुवा. डांबराला थोडं खोबरेल तेल, पाच मिनिटांनी पुसून शाम्पू. मॅजिक स्पंज (डाग खरवडून काढणारा पांढरा मेलामाइन स्पंज) वापरणार असाल तर पेंटच्या दुकानातून मास्किंग टेप आणून पट्टीच्या दोन्ही बाजूंना लावा. तो स्पंज अतिशय बारीक पॉलिश पेपरसारखाच काम करतो आणि रंगाची चकाकी घालवतो.

पेट्रोल, रॉकेल, थिनर गाडीपासून दूर ठेवा. यावर मी अडून बसतो, कारण वडिलांच्या गाडीची बीडिंग मी स्वतः रॉकेलने पुसली होती. त्या दिवशी ती काळीभोर चमकली. पुढच्या उन्हाळ्यात कडा फुगून सुटल्या आणि आषाढात पायाखालचं मॅट भिजलं. दारांचं रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. ऊन, ओझोन आणि पाणी ते वर्षानुवर्षं सोसतं, पण पेट्रोलियमचे पदार्थ शोषून घेतं आणि फुगतं. वडील काही बोलले नाहीत, पण नवीन बीडिंग बसवताना माझी मान वर होत नव्हती.

शेवटी लावायला पाण्यावर आधारित ट्रिम ड्रेसिंग (रबर-प्लास्टिकला काळेपणा आणणारं द्रावण) किंवा सिलिकॉन स्प्रे घ्या. तो कापडावर मारून मग पट्टीवर फिरवा. वायपरच्या रबराला तो लागू देऊ नका, काचेवर तेलकट पट्टे उमटतात. तिथे नुसतं ओलं कापड पुरे.

गाडी रात्रीच सावलीच्या जागी लावून ठेवा आणि सकाळी आठच्या आत कामाला लागा. तापलेल्या काळ्या रबरावर साबण लगेच वाळतो. कुठलाही नवीन क्लीनर आधी मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात लावून पाहा. ड्रेसिंग झाल्यावर दारं अर्धा तास उघडी ठेवा, नाहीतर ओलं रबर चौकटीला चिकटतं. हळदकुंकवाची बोटं बोनेटवर मधोमध ओढा, काचेच्या कडेला नको.