बँक गॅरंटी, एलसी आणि न उचललेली लिमिट: कर्ज विभागाने या चुका टाळा

"पैसे कुठे दिलेत, नुसता कागद तर दिलाय!" वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत कुठल्याही शाखेत नॉन-फंड लिमिटबद्दल हे ऐकायला मिळतं. म्हणजे पैसे न देता बँकेने नुसतं वचन द्यायचं: गॅरंटी, किंवा एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, आयातदाराच्या वतीने विक्रेत्याला पैसे देण्याचं वचन). ताळेबंदात कर्ज दिसत नाही, कमिशन मात्र जमा होतं. पण हा कागद बहुतेकदा वटतो तो पार्टी अडचणीत आल्यावरच, म्हणजे वसुली सगळ्यात अवघड असताना.

गॅरंटीचा प्रकार न बघणं. पालिकेच्या टेंडरसाठी अनामत रकमेऐवजी दिलेली किंवा काम पूर्ण करण्याची हमी देणारी गॅरंटी ही परफॉर्मन्स गॅरंटी. सध्याच्या बाझल ३ नियमांत (बँकेने किती भांडवल राखायचं ते ठरवणारे निकष) तिची ५० टक्के रक्कम कर्जासारखी धरतात. १ कोटीच्या गॅरंटीवर जोखीमभार (कर्जदाराच्या जोखमीप्रमाणे लागणारी टक्केवारी) १०० टक्के असेल, तर ५० लाखांवर ९ टक्के, म्हणजे किमान साडेचार लाखांचं भांडवल अडकतं. मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्ससाठीची गॅरंटी (काम सुरू करायला कंत्राटदाराला मिळणाऱ्या आगाऊ रकमेची हमी) मात्र रिझर्व्ह बँकेच्या लेखी फायनान्शियल आहे. तिथे पूर्ण १ कोटी धरायचे आणि भांडवल नऊ लाख. एकाच कंत्राटदाराच्या फाइलमध्ये दोन्ही असतात आणि घाईत दोन्ही एकाच कोडखाली चढतात.

मग एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी लाभार्थ्याचं, म्हणजे गॅरंटी ज्याच्या नावे आहे त्याचं, पत्र येतं: मुदत वाढवा, नाहीतर पैसे द्या. काम कोणामुळे रखडलं, हा वाद बँकेला घालता येत नाही. फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान असेल तरच कोर्ट पैसे थांबवतं. म्हणून गॅरंटी देण्याआधी हातातली कामं, थकलेली बिलं आणि आधी दिलेल्या गॅरंट्या एकत्र बघा. मुदत संपली म्हणून मार्जिन म्हणून घेतलेल्या एफडीवरचं लियन (बँकेचा हक्क) लगेच काढू नका. क्लेम पीरियड (मुदतीनंतरही पैसे मागता येण्याचा काळ) बाकी असतो, आणि रजिस्टरमधला नेमका तोच रकाना कोरा सापडतो.

न उचललेली लिमिट शून्य धरणं. बिनशर्त रद्द करता येणाऱ्या लिमिटला शून्य टक्के लागतो खरा (म्हणजे काहीच रक्कम कर्जासारखी धरायची नाही), पण बँकेला ती खरोखर रद्द करता येते हे दाखवावं लागतं. वर्षानुवर्षं कोणाची लिमिट गोठवलीच नसेल, तर रद्द करण्याचं ते कलम शोभेचंच. १५० कोटी आणि त्यावरच्या फंड-बेस्ड खेळत्या भांडवलाच्या कर्जदारांना १ एप्रिल २०१९ पासून ही सूट नाही. न वापरलेल्या कॅश क्रेडिटवर (गरजेप्रमाणे उचलायचं खेळतं भांडवल) २० टक्के धरावेच लागतात.

घोडबंदर रोडवरच्या बिल्डरचं कर्ज टप्प्याटप्प्याने असेल आणि पुढच्या टप्प्याला बँकेची स्वतंत्र मंजुरी लागत असेल, तर चालू टप्प्यातली शिल्लकच मोजली जाते. मात्र ही अट मंजुरीपत्रात स्पष्ट हवी.

एलसीत मालावर विसंबणं. माल न्हावा शेव्याला उतरेपर्यंत बाजारभाव पडला, की आयातदार कागदपत्रांत खोट शोधू लागतो. तपासणीला यूसीपी ६०० (एलसीचे आंतरराष्ट्रीय नियम) प्रमाणे जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस मिळतात. कागद बरोबर असतील तर पैसे द्यायचेच, पार्टीच्या खात्यात असोत वा नसोत. बिल ऑफ लेडिंग (जहाजावर चढवलेल्या मालाचा कागद) बँकेच्या ऑर्डरवर घेतलेलं असेल तर निदान मालावर तरी ताबा राहतो.

डिव्हॉल्व्ह झालेली रक्कम बाजूला ठेवून विसरणं. एलसी डिव्हॉल्व्ह झाली (पार्टीऐवजी बँकेला पैसे भरावे लागले) किंवा गॅरंटी इन्व्होक झाली (लाभार्थ्याने पैसे मागितले), की रक्कम वेगळ्या खात्यात टाकतात आणि मुख्य खातं नियमित दिसत राहतं. एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्ज) ठरवताना ही थकबाकी मुख्य खात्याचाच भाग धरायची असते. पार्टीने "बिल आलं की भरतो" म्हटलं, तरी थकबाकीचे दिवस मोजणं थांबवू नका.