डिस्चार्जच्या दिवशीच फाइल मागा

सोलापुरात उपचाराला अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहूनच नाही, तर पार इंडी-विजयपूरहून माणसं येतात. घरी जाताना हातात बहुतेक वेळा डिस्चार्ज कार्ड आणि बिल एवढंच असतं. उपचारात काही चुकलं असं पुढे वाटलं, तर तेवढ्यावर भागत नाही. केसपेपर, नर्सिंग नोंदी, ऑपरेशनच्या नोंदी, भुलीचा कागद, संमतीपत्र, सगळ्यांच्या प्रती लागतात. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात. पण ती जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षांचंच आहे, म्हणून उशीर नको.

संमतीपत्राबद्दल मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजीचा अंगठा इंग्रजी कागदावर घाईघाईत घेऊ देऊ नका. कोणतं ऑपरेशन, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे तिला कळेल अशा भाषेत सांगायला लावा. कोऱ्या फॉर्मवर सही तर नकोच.

रुग्ण बरा झाला नाही म्हणजे डॉक्टरांचा हलगर्जीपणा झालाच, असं नसतं. म्हणून आधी ती फाइल त्याच विषयाच्या दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. पैसे देऊन उपचार घेतले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगात 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते. उपचार पुण्यात झाले असले तरी सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्याला ती सोलापुरातच दाखल करता येते.