घरातली ‘खासगी’: खर्च, बचत आणि गुंतवणूक आपल्या मूल्यांप्रमाणे कशी लावावी

इंदूरच्या होळकरांच्या कारभारात दौलत (राज्याची) आणि खासगी (घराण्यातील स्त्रियांची) अशा दोन निराळ्या तिजोऱ्या होत्या. मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना १७३४ मध्ये पेशव्यांकडून स्वतंत्र जहागीर मिळाली. तिचे उत्पन्न राज्याच्या हिशेबात मिसळले जात नसे, आणि पुढे ते अहिल्याबाईंच्या हाती आल्यावर देशभरातील घाट, मंदिरे आणि धर्मशाळांचा खर्च त्यातून झाला. फौजेचा पगार आणि घाटाचे बांधकाम एकाच तिजोरीतून होत असते, तर लढाईच्या वर्षी कोणते काम मागे पडले असते, याचा अंदाज कोणालाही करता येईल. इंदूरच्या मराठी घरांत आज पैशांची जी ओढाताण दिसते, तिच्यावर मला हाच उपाय सर्वांत खात्रीचा वाटतो. आपल्याला काय महत्त्वाचे वाटते हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ते काम महिन्याच्या शेवटी उरणाऱ्या पैशांवर सोडलेले असते, आणि महिन्याच्या शेवटी काही उरत नाही. म्हणून प्रत्येक मूल्याला रुपयांत आकडा द्यावा, वेगळे खाते द्यावे आणि महिन्यातली एक तारीख द्यावी. हे कसे करायचे ते पुढे सांगितले आहे.

पहिले काम कागदावरचे आहे. गेल्या तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट काढावे आणि यूपीआयचा तपशील त्याला जोडावा, कारण शंभर-दोनशे रुपयांचे खर्च आता आठवणीत राहत नाहीत. प्रत्येक नोंदीपुढे ‘किराणा’, ‘प्रवास’, ‘बाहेरचे खाणे’ अशी सदरे लिहू नयेत; तो खर्च कोणासाठी आणि कशासाठी झाला ते लिहावे. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, उडालेले सातशे रुपये पुण्याहून आलेल्या भाच्यांसोबतच्या संध्याकाळचे असतील, तर तो कुटुंबावरचा खर्च आहे. तेवढेच सातशे रुपये स्वयंपाकाचा कंटाळा आला म्हणून मागवलेल्या पार्सलचे असतील, तर तो निराळा खर्च आहे. सदर एकच असले तरी कमी करायचे कोणते, हे असे लिहिल्याशिवाय दिसत नाही.

दुसरे काम मूल्ये लिहिण्याचे. नवरा-बायको, कमावती मुले आणि घरात असतील तर आई-बाबा, यांनी प्रत्येकी तीनच गोष्टी वेगवेगळ्या बसून लिहाव्यात. एकत्र बसले की घरातला मोठा माणूस बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. सुनेच्या मनातले तर बहुधा बाहेरच येत नाही. शिवाय ‘कुटुंब’, ‘आरोग्य’, ‘शिक्षण’ असे मोघम शब्द लिहिल्यास त्यांत कोणताही खर्च बसवता येतो. जे घडावे असे वाटते, ते वाक्यात लिहावे: आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया तिला कोणापुढे हात न पसरता व्हावी, मध्य प्रदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी पुस्तक वाचता यावे, घरकामाला येणाऱ्या बाईंना आजारपणात पगार कापला जाण्याची भीती नसावी, आपल्या पैशांवर तंबाखूचा धंदा वाढू नये. अशा वाक्याची किंमत काढता येते, आणि किंमत काढल्यावर घरातले मतभेदही नेमके होतात.

इंदूरच्या सुदामानगरात राहणारे, महिन्याला नव्वद हजार रुपये हातात येणारे एक कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. त्याने दहा टक्के, म्हणजे नऊ हजार रुपये, ‘खासगी’साठी बाजूला काढायचे ठरवले. त्यांपैकी चार हजार आई-बाबांच्या उपचारांच्या निधीत, अडीच हजार दानासाठी, दीड हजार बाईंच्या आजारपणातील भरपगारी रजा आणि दिवाळीच्या बोनससाठी, आणि एक हजार पुस्तके व हातमागाच्या कापडासाठी. या रकमेसाठी दुसऱ्या बचत खात्यात पगाराच्या दुसऱ्याच दिवशी बँकेला स्थायी सूचना (दरमहा आपोआप पैसे वळवण्याची) देऊन पैसे वळते करावेत, आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नये. हप्ता, शाळेची फी आणि किराणा यांचा विचार त्यानंतर उरलेल्या एक्क्याऐंशी हजारांत करावा. दहा टक्के जमत नसतील तर तीन टक्क्यांनी सुरुवात करावी. रकमेपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे.

हातमागाच्या कापडाचा उल्लेख मी जाणूनबुजून केला, कारण खर्च आणि मूल्य यांचा संबंध इंदूरकरांना इथे सर्वांत जवळून दिसतो. महेश्वर आपल्यापासून सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे, आणि महेश्वरी साडी यंत्रमागावरची घेतली की हातमागावरची, यावर ते पैसे विणकराच्या घरी जाणार की नाही हे ठरते. हँडलूम मार्कचे, म्हणजे कापड हातमागाचे असल्याची खूण असलेले, लेबल पाहून घ्यावे, शक्य असल्यास महेश्वरला जाऊन विणकरांच्या संस्थेकडून घ्यावे, आणि वर्षाला तीन साड्यांऐवजी एक घ्यावी.

लग्नकार्याचा आणि आहेराचा प्रश्न

मूल्यांची यादी कितीही नेटकी असली तरी मराठी घराचा हिशेब लग्न, मुंज, वास्तुशांत आणि हळदीकुंकू यांच्यापाशी मोडतो. हा खर्च वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. चार पिढ्यांपूर्वी माळव्यात आलेल्या घरांना एकमेकांशी धरून ठेवण्याचे काम याच कार्यांनी केले आहे. प्रश्न असा असतो की मॅरेज गार्डनचे भाडे, सजावट आणि आठशे पानांचे जेवण यांपैकी कोणता भाग आपल्या माणसांसाठी आहे आणि कोणता लोक काय म्हणतील या धास्तीपोटी आहे. लग्न ठरण्याच्या आधीच, म्हणजे मूल दहावी-बारावीत असताना, आई-वडिलांनी एक कमाल रक्कम लिहून ठेवावी आणि ती मुलालाही सांगावी. लग्नासाठी वैयक्तिक कर्ज घेऊ नये, हा नियम मात्र मी निरपवाद मानतो, कारण त्या कर्जाचे हप्ते नव्या जोडप्याच्या किंवा निवृत्त होत चाललेल्या वडिलांच्या डोक्यावर बसतात.

आहेरासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच एक रक्कम ठरवून ठेवणे सोयीचे जाते. जवळच्या दहा घरांना भरपूर द्यावे आणि बाकी ठिकाणी साधे पाकीट किंवा पुस्तक द्यावे. हळदीकुंकवाच्या वाणात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी एखादी उपयोगी वस्तू बचत गटाकडून घेतली, तर त्याच खर्चात दोन हेतू साधतात.

आधी सुरक्षितता

मूल्यांच्या गुंतवणुकीकडे वळण्यापूर्वी सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असलाच पाहिजे. इंदूरमध्ये हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. इथली हुकुमचंद मिल ही कापड गिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि सुमारे ४,८०० कामगारांची थकबाकी, २२४ कोटी रुपये, डिसेंबर २०२३ मध्ये दिली गेली. हक्काचे पैसेही तीस वर्षे अडकू शकतात, आणि त्या काळात घर चालवावे लागतेच.

ही रक्कम बचत खाते आणि मुदत ठेवीत ठेवावी. ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच असतो. तो सहकारी बँकांनाही लागू आहे, पतसंस्थांना मात्र लागू नाही. आपल्या समाजाची संस्था जगावी म्हणून तिथे ठेव ठेवण्याची इच्छा मला मोलाची वाटते, पण ती ‘खासगी’तल्या रकमेतून पुरी करावी, आपत्कालीन निधी तिथे ठेवू नये. टर्म विमा आणि आरोग्य विमा यांचेही तसेच: ते आधी, बाकी सारे नंतर.

गुंतवणूक: पैसा कुठे पोहोचतो ते पाहावे

बहुतेकांचा घोटाळा इथे होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एखादे घर तंबाखूच्या धंद्याला विरोध म्हणून दुकानातून तंबाखूचे काही घेत नाही, पण त्याच घराची दरमहा दहा हजारांची एसआयपी (ठरावीक मासिक गुंतवणूक) निफ्टी ५० या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाप्रमाणे पैसे लावणाऱ्या इंडेक्स फंडात जाते, आणि त्या निर्देशांकात देशातली सर्वांत मोठी सिगारेट उत्पादक कंपनी आयटीसी आहे, तसेच कोल इंडियाही आहे. प्रत्येक म्युच्युअल फंडाला आपली गुंतवणूक दर महिन्याला संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. ती यादी उघडून आपल्याला न पटणाऱ्या कंपन्यांवर खूण करावी आणि त्यांचे टक्के मिळवावेत. समजा ते तीन टक्के निघाले, तर दहा हजारांतले तीनशे रुपये न पटणाऱ्या ठिकाणी आहेत.

आता दुसरी बाजू. शेअर बाजारात आपण एखादा शेअर घेतो तेव्हा पैसे तो विकणाऱ्याला मिळतात, कंपनीला मिळत नाहीत. त्यामुळे आपण बाहेर पडल्याने सिगारेटचा कारखाना थांबत नाही. आपल्या विवेकासाठी बाहेर पडणे योग्यच आहे, पण त्याची किंमत मोजून बाहेर पडावे. ईएसजी, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून गुंतवणाऱ्या, फंडांचा मार्ग खुला आहे, आणि शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०२३ च्या नियमांनुसार अशा फंडाला किमान ८० टक्के रक्कम जाहीर केलेल्या धोरणाप्रमाणेच गुंतवावी लागते. परंतु त्यांचा वार्षिक खर्च इंडेक्स फंडापेक्षा सहसा जास्त असतो. दरमहा दहा हजार वीस वर्षे गुंतवले आणि परतावा ११ टक्के मिळाला, तर सुमारे साडेशहाऐंशी लाख जमतात. जादा खर्चामुळे तो १० टक्क्यांवर आला, तर सुमारे शहात्तर लाख. म्हणजे या मूल्याची किंमत साडेदहा लाखांच्या आसपास. काहींना ती मंजूर असेल. मला स्वतःला असे वाटते की ज्यांना ती जड जाते, त्यांनी इंडेक्स फंड ठेवावा आणि ते तीनशे रुपये दरमहा कर्करोगाच्या गरीब रुग्णांसाठी काम करणाऱ्या रुग्णालयाला द्यावेत. त्याचा उपयोग डोळ्यांना दिसेल.

फंड बदलायचाच असेल तर जुनी युनिट्स एकदम विकू नयेत. नवी एसआयपी नव्या फंडात सुरू करावी, आणि जुनी युनिट्स एग्झिट लोडची (लवकर पैसे काढल्यास लागणाऱ्या शुल्काची) मुदत पाहून दरवर्षी थोडी-थोडी काढावीत. इक्विटी फंडावरचा एका वर्षाहून जुना नफा आर्थिक वर्षात सव्वा लाख रुपयांपर्यंत करमुक्त असतो आणि त्यापुढे साडेबारा टक्के कर लागतो, त्यामुळे ही वाटचाल तीन-चार वर्षांत पसरवणे फायद्याचे ठरते.

आपला पैसा थेट कामाला लागावा अशी इच्छा असेल, तर प्रथम विक्रीतले, म्हणजे काढणाऱ्या संस्थेकडूनच घेतलेले, कर्जरोखे हा अधिक सरळ मार्ग आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच शहरात घडले. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने सामान्य गुंतवणूकदारांसाठी हरित (पर्यावरणपूरक कामासाठीचे) रोखे काढले, त्यांवर ८.२५ टक्के व्याज सहामाही देण्याचे ठरले, आणि २४४ कोटी रुपये उभे राहिले. हेतू होता खरगोन जिल्ह्यातील जलूद परिसरात ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्याचा. नर्मदेचे पाणी जलूदहून विंध्याचा चढ चढवून इंदूरला आणावे लागते आणि त्या उपशाला प्रचंड वीज लागते, त्यामुळे ज्याने तो रोखा घेतला त्याचे पैसे त्याच्याच नळाच्या पाण्याशी जोडले गेले. असा रोखा पुन्हा निघेल तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात: पतमानांकन, मुद्दल परत मिळण्याच्या तारखा, आणि मध्येच विकायची वेळ आल्यास खरेदीदार मिळेल का. शेअर बाजारात नोंदलेल्या रोख्यांचीही उलाढाल अनेकदा तुरळक असते. म्हणून मुदत संपेपर्यंत लागणार नाही असाच पैसा त्यात घालावा, एकाच रोख्यात एकूण बचतीच्या पाच टक्क्यांहून अधिक घालू नये, आणि व्याजावर आपल्या टप्प्याप्रमाणे कर लागतो हे धरूनच परतावा मोजावा.

पीपीएफ, सुकन्या समृद्धी आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजना यांतला पैसा सरकारकडे जातो. त्याविषयी फार विचार करण्याचे कारण नाही; त्या सुरक्षिततेसाठी आहेत आणि ते काम त्या चोख करतात.

सोन्याबद्दल एवढेच सांगतो की स्त्रीच्या हाती तिचे स्वतःचे काही असावे, हे मूल्य त्यामागे असेल तर दागिना तिच्या नावाच्या पावतीवर घ्यावा आणि हॉलमार्कचा अक्षरे-अंक मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी क्रमांक पडताळून घ्यावा. केवळ बचत म्हणून दागिने घेणे घडणावळीमुळे महाग पडते.

दान आणि मागे राहणारे पैसे

दहा संस्थांना पाचशे-पाचशे रुपये देण्यापेक्षा दोन संस्थांना दरमहा ठरावीक रक्कम देणे बरे, कारण छोट्या संस्थेला शिक्षकाचा पगार किंवा औषधांचा खर्च आधी ठरवता येतो. वर्षातून एकदा तिथे जाऊन यावे आणि वार्षिक अहवाल मागावा. दानावरची ८०जी नावाने ओळखली जाणारी आयकर-वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि दोन हजारांहून अधिक रोख दिल्यास तीही मिळत नाही. कर वाचणार नसेल तर दान थांबवावे का, याचे उत्तर ज्याचे त्याने आपल्या यादीत पाहून द्यावे.

गुढीपाडवा आर्थिक वर्षाच्या वळणावरच येतो. त्या आठवड्यात सर्वांनी आपापली तीन वाक्ये पुन्हा काढून ‘खासगी’च्या खात्याशी ताडून पाहावीत. जे वाक्य वर्षभर एक रुपयाही न मिळता राहिले असेल, ते पुसावे किंवा त्याला रक्कम द्यावी.

शेवटचे काम मृत्युपत्राचे. बँकेत किंवा फंडात नामनिर्देशन केले म्हणजे पैसा त्या व्यक्तीचा झाला, असा सर्वत्र समज आहे. सर्वसाधारणपणे नामनिर्देशित व्यक्ती तो पैसा वारसांच्या वतीने स्वीकारते, मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. एखाद्या ग्रंथालयाला, शाळेला किंवा वर्षानुवर्षे घर सांभाळणाऱ्या बाईंना काही द्यायचे असेल, तर ते मृत्युपत्रात नावानिशी आणि रकमेसह लिहावे लागेल. त्यासाठी साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या पती-पत्नीला साक्षीदार करू नये. मूळ प्रत कुठे ठेवली आहे, ते घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावे.