गाजराला दोन पाय का फुटतात? काडीकचऱ्याच्या खताच्या या चुका टाळा

गाजर उपटावं आणि हातात पायजमा यावा, तसं झालं होतं. एका हिवाळ्यात माझ्या वाफ्यातली निम्मी गाजरं दुपायी निघाली. आधी बियाण्याला शिव्या घातल्या. मग माती उकरली, तर खतातल्या उसाच्या पाचटाचे बोटभर तुकडे जसेच्या तसे! सोटमुळाचं कोवळं टोक अशा तुकड्यावर, खड्यावर किंवा ढेकळावर आपटून दुखावलं की तिथून फाटे फुटतात. हे पहिल्या काही आठवड्यांतच घडतं. आपल्याला कळतं ते काढणीला.

अर्धकच्चं खत घालणं ही सगळ्यात महाग चूक. पाचटात, गव्हाच्या काडात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) नावापुरता. ते कुजवणारे जिवाणू लागणारा नत्र जमिनीतूनच उचलतात आणि पीक उपाशी राहतं. पानं फिकी पडली की आपण युरियाची मूठ फेकतो. ती जरा जास्त झाली की पाला माजतो आणि मुळा करंगळीएवढाच राहतो. रताळ्याचंही तेच: वेल बांधभर, खाली कंद चार.

युरिया द्यायचाच तर खत कुजवायच्या खड्ड्यात द्या. १ टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक हे आपल्याकडचं रुळलेलं प्रमाण आहे. थरावर शेणकाला शिंपडा. ओल किती हवी? मूठ दाबली की बोटांत ओलावा लागावा, धार लागू नये. महिन्या-दीड महिन्याने खालीवर करा. चार-पाच महिने तरी धीर धरा.

खत तयार झालं का, हे मी मेथीला विचारतो. एका वाटीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं खत. दोन्हींत वीस-वीस दाणे टाकायचे. चार-पाच दिवसांत खताच्या वाटीत मोड स्पष्ट कमी दिसले तर ते खत अजून कच्चं. नाकाला अमोनियाचा भपका आला, तर वाट्या मांडायचीही गरज नाही.

चुलीची राख पालाश (पोटॅश) देते म्हणून बटाट्याला ढिगाने घालू नका. राखेने मातीचा सामू (पीएच) वाढतो आणि सालीवर खवल्यांचा खरूज रोग बळावतो. ढिगात शेण असेल तर हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी-सारख्या वळलेल्या अळ्या वेचून काढा. खताबरोबर वाफ्यात गेल्या की त्या मुळं कुरतडतात.

पेरणी तोंडावर आली आणि खत अजून कच्चंच असेल, तर ते मेथी-कोथिंबिरीच्या ओळींमध्ये वरून पसरा. गाजर पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात घ्या. आणि यंदाची दुपायी गाजरं? हलव्याला चालतात. फक्त किसताना बोटं सांभाळा.