टाइमलाइनवरचा शॉट मूळ फुटेजशी जुळवायचाय? आधी एफ, मग गँग

समजा व्हिडिओ एडिट करताना ४० मिनिटांच्या इंटरव्ह्यूतलं एक वाक्य टाइमलाइनवर, म्हणजे शॉट ओळीने जोडतो त्या पट्ट्यावर, बसवलंय आणि आता डायरेक्टर म्हणतोय की त्या वाक्याच्या पुढे बोलणारा काय म्हणाला ते बघू. बरेच जण बिनमधून (क्लिप्सच्या फोल्डरमधून) क्लिप उघडतात आणि माउसने मागेपुढे ओढत ओठ कुठे जुळतायत ते शोधत बसतात, कशाला एवढा उपद्व्याप?

प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लेहेड (आत्ता कुठली फ्रेम दिसतेय ते दाखवणारी उभी रेघ) त्या शॉटवर न्या, टाइमलाइनचं पॅनल अ‍ॅक्टिव्ह असू द्या आणि कीबोर्डवर एफ दाबा. मूळ क्लिप सोर्स मॉनिटरमध्ये, म्हणजे न कापलेलं फुटेज दाखवणाऱ्या खिडकीत, उघडते, तीही नेमकी त्याच फ्रेमवर. हे मॅच फ्रेम, आणि दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही एफच चालतं.

भलतीच क्लिप उघडली तर बहुतेक वेळा ट्रॅक टार्गेटिंगची, म्हणजे कुठला ट्रॅक निवडलाय त्याची, भानगड असते. व्ही२ वर, म्हणजे वरच्या व्हिडिओ ट्रॅकवर, बी-रोल (इंटरव्ह्यूवर टाकलेली जोडदृश्यं) पडलाय, तो ट्रॅक टार्गेट केलेला आहे, मग खालचा इंटरव्ह्यू कसा उघडणार? व्ही२ बंद करा, व्ही१ चालू ठेवा, परत एफ. ट्रॅकच्या डाव्या बाजूला व्ही१, व्ही२ लिहिलेले दोन कॉलम दिसतात, त्यातला अगदी कडेचा सोर्स पॅचिंगचा (नवी क्लिप कुठल्या ट्रॅकवर पडेल ते ठरवणारा), आपल्याला हवा तो त्याच्या उजवीकडचा, लोक नेमके इथे गंडतात.

एक फ्रेम सापडली, पण पुढचा सगळा पट्टा सोबत बघायचा असेल तर सोर्स मॉनिटरच्या पान्याच्या आयकॉनमधून गँग सोर्स अँड प्रोग्राम चालू करा. आता सोर्स आणि टाइमलाइन यांतला एक प्लेहेड सरकवला की दुसराही तेवढाच सरकतो. पण गँग आंधळं आहे हां! चालू करताना दोघांत जे अंतर होतं तेवढंच ते धरून ठेवतं, आत काय कापलंय त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. म्हणजे पुढच्या कटवर गेलात की जुळणी संपली, तिथे पुन्हा एफ. आणि शॉटचा स्पीड ५० टक्के केला असेल तर टाइमलाइनवरच्या ४० फ्रेम म्हणजे मूळच्या २०च, पण गँग सोर्समध्येही ४० पुढे जाणार, तिथे त्याच्यावर विसंबू नका.

मला गँग खरं आवडतं ते जुना कट आणि नवा कट ताडून बघायला. प्रोजेक्ट पॅनलमधून जुना सिक्वेन्स (टाइमलाइनवर बांधलेला अख्खा कट) ओढून सोर्स मॉनिटरमध्ये टाका, दोन्ही पहिल्या फ्रेमवर आणा, गँग चालू करा आणि सरकत जा, जिथे चित्रं वेगळी दिसायला लागतील तिथे काहीतरी घातलंय किंवा काढलंय. मग गँग बंद, दोन्ही परत जुळवा, पुन्हा चालू, असं करत शेवटपर्यंत.

उलट काम असेल, म्हणजे सोर्समधली ही फ्रेम सिक्वेन्समध्ये कुठे वापरलीय ते बघायचं असेल, तर शिफ्ट आर. आणि काम झालं की गँग आठवणीने बंद करा, नाहीतर सोर्समध्ये भलतंच काही चाळायला जाल आणि टाइमलाइनवरचा प्लेहेड जागा सोडून पळालेला असेल.