चार इंचांच्या फटीत पाच इंचांचा तुकडा

माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला टोकाशी अजून स्पर्श कळत नाही. पॉलिश पेपर मारून झाला की फळीवरून हात फिरवताना ते बोट आपोआप वर उचललं जातं.

बी.कॉम. झाल्यावर वर्षभर हिशेब लिहिले, मग कंटाळून भोसरीजवळच्या एका फर्निचरच्या शेडमध्ये शिकायला लागलो. बोटाचं हे झालं तेव्हा दहावा महिना चालू होता. नवखा राहिलो नव्हतो, तेच नडलं. पहिल्या महिन्यात माणूस घाबरून का होईना, जपतो.

देव्हाऱ्यांची ऑर्डर होती. तीन इंच रुंद सागवानी पट्टीचे चार-चार इंचांचे साठ तुकडे हवे होते. प्रत्येकावर गुण्या लावून खूण कोण करत बसणार? म्हणून टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल पातं वर आलेल्या करवतीच्या मशीनवर, फेन्स (पात्याला समांतर सरकणारी आधारपट्टी) पात्यापासून चार इंचांवर आवळली, पट्टीचं टोक फेन्सला टेकवलं, मागून माइटर गेजने (टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या, लाकूड आडवं धरणाऱ्या टेकूने) ढकललं, की तुकडा तयार. अकरा झाले. बारावा पात्यापलीकडे जाताना किंचित वळला.

इथे जरा थांबा, कारण हे मला कोणी समजावलं नव्हतं. टेबल सॉचं पातं पुढच्या बाजूला खाली उतरतं आणि लाकूड टेबलावर दाबतं. मागच्या बाजूला तेच दात वर येतात, आपल्या दिशेने. कापून सुटलेला तुकडा फेन्स आणि पातं यांच्यामध्ये एकटा उरतो, त्याला धरायला कोणी नसतं. चार बाय तीनच्या तुकड्याचा कर्ण किती? पाच. म्हणजे तो वळला की चार इंचांच्या फटीत पाच इंच मावायला बघतात. ते मावत नाहीत. तुकडा अडकतो, मागचे दात त्याला उचलतात आणि फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. यालाच किकबॅक म्हणतात. तुकडा बरगडीखाली बसला, आणि त्या दणक्यात गेजवरचा डावा हात पुढे घसरला. नख आणि बोटाचं टोक गेलं. हाड वाचलं.

मिस्त्री म्हणाले, “होतं असं. हाताला सवय झाली की नाही होत.” त्यांची स्वतःची दीड बोटं नाहीत! तुटकी बोटं मेडलसारखी दाखवणाऱ्या माणसाकडून रंधा शिका, पटाशीला धार लावायला शिका, त्याच्याइतकं चांगलं कोणी शिकवणार नाही. मशीन मात्र त्याच्याकडून शिकू नका.

यावर तोड फुकटची आहे. एक इंच जाड ठोकळा फेन्सला पात्याच्या बराच अलीकडे सी-क्लॅम्पने आवळा. माप ठोकळ्यापासून पात्यापर्यंत धरा. पट्टीचं टोक ठोकळ्याला टेकवा आणि मग गेजने पुढे न्या. पात्यापाशी पोचेपर्यंत पट्टीने ठोकळा मागे सोडलेला असतो, त्यामुळे सुटलेल्या तुकड्याला बाजूला इंचभर मोकळी जागा मिळते. वळला तरी अडकत नाही. माइटर गेज आणि फेन्स यांच्यामध्ये लाकूड एकाच वेळी कधीच पकडू नका. एकदा ‘चालून गेलं’ म्हणून पुन्हा करू नका. माझं अकरा वेळा चालून गेलं होतं.

उभ्या चिरेला, म्हणजे लाकूड लांबीत कापायला, फेन्स लागतेच. पण सागवानात ताण असला तर चीर पात्यामागे मिटते आणि पात्याला आवळते. ते होऊ नये म्हणून पात्यामागे रायव्हिंग नाइफ असते, चीर उघडी ठेवणारी पोलादी पट्टी. आमच्याकडे ती काढून माळ्यावर टाकली होती. आणि हँड कटर (हातात धरायची गोल करवत) उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवलेली जी घरगुती मशीनं असतात, त्यांच्यात ती बहुधा नसतेच. अशा मशीनवर शिकू नका. पैसे वाचतात, हे मलाही माहीत आहे.

कातडी लागताच साधारण ५ मिलिसेकंदांत पातं थांबवणारं मशीन अमेरिकेत २००४ पासून विकत मिळतं. त्याचं कौतुक आहेच, पण उडालेला तुकडा तेही अडवत नाही.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेल: हातमोजे नकोत, मनगटातला दोरा-कडं काढून ठेवा, पुश स्टिक (लाकूड पुढे ढकलायची काठी) हाताशी ठेवा, पात्याच्या सरळ रेषेत उभं राहू नका.

टाके निघाल्यावर मी सव्वा महिना मशीनला हात लावला नाही. पातं फिरायला लागलं की पोटात गोळा यायचा. आता येत नाही. तुमचीही भीती ओसरेल, घाई करू नका. पहिले पंधरा दिवस १८ मिमी प्लायच्या लांब पट्ट्याच काढा आणि कान उघडे ठेवा. मोटरचा आवाज जड झाला, तर लाकूड पुढे रेटू नका आणि मागेही ओढू नका. एका हाताने तिथेच दाबून धरा, दुसऱ्याने स्विच बंद करा. आमच्या शेडमध्ये स्विच भिंतीवर होता, चार पावलांवर. मी तो टेबलाच्या पुढच्या पायाला लावून घेतला, गुडघ्याने बंद होईल असा. वायरमनने दोनशे रुपये घेतले.